उशीर कोणाचा?



माझा चुलता लिव्हरच्या कॅन्सरनं गेला. पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, तेव्हा त्याला शहरात नेला. डॉक्टरनं आडनाव वाचलं आणि पहिलं वाक्य बोलला, "दारू फार प्यायचा ना?" बावीस प्रतिज्ञा घेतल्यापास्नं चुलता थेंबाला शिवला नव्हता. रक्त तपासलं तर हेपाटायटिस बी निघाला. आपल्याकडं जिला पांढरी कावीळ म्हणतात, ती. डॉक्टर म्हणाला, "उशीर झाला." चुलती म्हणाली, "नशीब."

या दोन शब्दांचा निकाल लावल्याबिगर मला झोप नाही.

नशीब म्हंजे मागल्या जन्माचा हिशोब. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) मध्ये बाबासाहेबांनी हा हिशोब फेकून दिला. गरिबाच्या हालाची जबाबदारी त्याच्याच माथी मारायची आणि राज्यानं, समाजानं हात झटकायचे, एवढाच त्याचा उपयोग. दारूनं लिव्हर सडतं, डॉक्टरनं विचारायलाच पाहिजे. पण आडनाव वाचून उत्तर आधीच ठरवणं हा तोच जुना हिशोब, फक्त पांढऱ्या कोटातला. आणि समजा, चुलता प्यायला असता, तर? रोग ही शिक्षा आहे काय? पिणाऱ्याचा उपचाराचा हक्क कुठल्या न्यायानं जातो?

आता उशीर. गाठ लहान आणि बाकी लिव्हर धड असेल तर ती कापून काढता येते. तीन सेंटिमीटरच्या आतली सुई घालून जाळता येते. एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीन गाठी तीनच्या आत, अशा रोग्यांचं लिव्हर बदललं तर चार वर्षांनी चारांतले तीन जिवंत राहतात, हे मिलानच्या डॉक्टरांनी १९९६ साली दाखवलं. गाठी वाढल्या की रक्तवाहिनीतनं औषध सोडून त्यांची रसद तोडतात. रोग पसरला की औषधांनी दिवस वाढतात, रोग सहसा जात नाही. सोराफेनिब या गोळीनं सरासरी आयुष्य आठ महिन्यांवरनं पावणेअकरावर गेलं. पुढं २०२० साली आलेल्या सलाइनमधल्या औषधांनी ते दीड वर्षापल्याड नेलं.

म्हंजे रोग तोच, गाठ कधी सापडली यावर मरण ठरतं. ज्याचं लिव्हर आधीच खराब आहे त्यानं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असं शास्त्र सांगतं. रोज बुडवून ती कोण करणार?

आणि गोळीचं नशीब बघा. बायर कंपनी सोराफेनिबचे महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये घेत होती. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिला. तीच गोळी ८,८०० रुपयांवर आली. कुणाच्या मागल्या जन्मात काय बदललं? एक सरकारी हुकूम निघाला, एवढंच.

मग तीन महिन्यांसाठी घर विकावं का? हा प्रश्न खोटा नाही. माझं उत्तर असं, की तो ज्याचा जीव आहे त्यानं ठरवावा. पण किमतीनंच आधी ठरवून टाकलं, तर त्याला निवड म्हणू नये.

इथं माझा गुन्हा सांगतो. चुलता विचारायचा, "पोरा, खरं काय ते सांग." मी म्हणायचो, "नाना, कावीळ आहे, उतरंल." मायेनं बोललो, पण त्याचा ठरवायचा हक्क मीही काढून घेतला. दुःख आहे हे सांगायची ज्या बुद्धाला भीती वाटली नाही, त्याचं नाव मी रोज घेत होतो.

तेव्हा दोस्तांनो, नुसतं रडून भागणार नाही. हेपाटायटिस बीची लस २०११ पास्नं देशभरच्या बाळांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे. पहिला डोस जन्मल्यापास्नं चोवीस तासांत पडला पाहिजे. तो पडला का, हे बाळंतिणीला विचारा. २०१८ पास्नं या काविळीची तपासणी आणि औषध सरकारी योजनेत फुकट आहे. जयंतीच्या वर्गणीतनं एक दिवस वस्तीच्या रक्ततपासणीला काढा. जिल्ह्याच्या दवाखान्यात औषध नाही म्हणाले, तर मोर्चा तिथं न्या.

माझ्या चुलतीला मी अजून समजावतोय. ती ऐकते, आणि मग हळूच म्हणते, "आधी का नाय सांगितलंस?"