आईबापांची सही

जळगावाजवळचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० साली त्या तेथे जन्मल्या. पुढे सासरी, जळगावी, त्यांच्या ओंकार या मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. त्या आईपुढे निवड अशी नव्हतीच. आजच्या आईबापांवर निराळाच भार येतो: जेथे पूर्वी दैवाकडे बोट दाखवून मोकळे होता येई, तेथे आता स्वतःची सही करावी लागते.

क्रोन यांच्या नावाने ओळखला जाणारा आतड्याचा विकार घ्या. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. आतड्याला सूज येते, व्रण पडतात, वाट अरुंद होते. मुलाचे वजन घटते, उंची खुंटते. आतड्याच्या क्षयाशी त्याचे फार साम्य असल्याने आपल्याकडे निदानच लांबते. औषधे पुरली नाहीत की सर्जन आजारी भाग, बहुधा लहान आतड्याचे शेवटचे टोक, काढून उरलेला भाग जोडतात. वाढीचे वय सरण्यापूर्वी हे झाले, तर पुष्कळ मुले पुन्हा वाढीस लागतात. परंतु आजार समूळ जात नाही. अनेकदा तो त्या जोडापाशीच परततो, आणि काहींना पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागते. केळीचा घड उतरला की शेतकरी पिलावर पुढचा बाग धरतो. आतड्याला पील फुटत नाही.

मग उद्याच्या तिशीतल्या माणसाच्या वतीने, त्याच्या दहाव्या वर्षी, सही करण्याचा अधिकार कोणाचा? थांबावे म्हटले तर वाढीचे वय थांबत नाही. सही न करणे हाही निर्णयच. म्हणून आईबापांनी सही करावी, पण विश्वस्ताच्या नात्याने. आणि धनी जाणता झाला की विश्वस्ताने हिशेब द्यायचा असतो.

हा हिशेब आपण बहुधा चुकवतो. मायेपोटी मुलाला सांगतो, "तू आता बरा झालास." ते ऐकून वाढलेला तरुण तपासणी सोडतो, विडी ओढू लागतो. धूम्रपानाने हा आजार बळावतो, आणि परतताना तो आरंभी दुखतही नाही. काढलेल्या भागातूनच ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाते, हेही त्याला ठाऊक नसते. अशा वेळी आपली माया त्याच्या जिवावर उठते.

मुलाला दहाव्या वर्षी दहा वर्षांच्या समजुतीचे सांगावे, सोळाव्या वर्षी सगळे. आज केलेली सही योग्य होती की नाही, ते मग त्याचे त्याला ठरवू द्यावे. तो रागावला, तर तो रागही आईबापांनी सोसावा.