कळते प्रशिक्षकाकडून, वळते सोबत्याकडून

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांतले 40 हजार विद्यार्थी घेऊन सुरू झाली. महाविद्यालयात तिचा गाडा ओढतो तो कार्यक्रम अधिकारी. तो मुळात मराठीचा, भूगोलाचा नाहीतर रसायनशास्त्राचा प्राध्यापक. तास, पेपर तपासणी आणि 'नॅक'ची कागदपत्रे सांभाळून तो शंभर स्वयंसेवकांचे एकक चालवतो. दोन वर्षांत प्रत्येकाचे 240 तास आणि दत्तक गावातले सात दिवसांचे शिबिर पार पडल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. एकेकाळी एवढ्या हिशेबाला एक जाडजूड रजिस्टर पुरत असे. आता गूगल फॉर्म आहे, एक्सेल आहे, आणि ऑक्टोबर 2023 पासून 'माय भारत' पोर्टलही आहे.

हे सगळे शिकवायला मग कार्यशाळा होते. पडद्यावर लॉगिनपासून सुरुवात, मध्ये चहा, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. सभागृहात सगळ्यांना सगळे कळते. दुसऱ्या दिवशी संगणकापुढे बसल्यावर मात्र गाडी अडते. यादी एक्सेलमध्ये उतरवली की बँक खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळते, बारा अंकी आधार क्रमांकाच्या जागी दशांश चिन्ह आणि 'ई' दिसू लागते, जन्मतारखेत दिवस आणि महिना जागा बदलतात. रात्री दहा वाजता शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याला स्क्रीनचा फोटो जातो. उत्तर दोन ओळींत येते: 'सर, आधी अख्खा कॉलम टेक्स्ट करून घ्या, मगच पेस्ट करा. मीही गेल्या वर्षी इथेच अडकलो होतो.' यातली पहिली ओळ एखाद्या पुस्तकातही सापडेल. दुसरी ओळ सापडणार नाही, आणि माणूस पुढे सरकतो तो तिच्या जोरावर.

हा अनुभव नवा नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केला. 259 शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी 1928 ते 1941 या काळात नवे बियाणे घेतले होते. बियाण्याची खबर बहुतेकांना पहिल्यांदा विक्रेत्याकडून लागली होती. पण पेरायचे की नाही, हे ठरवताना वजन पडले ते शेजाऱ्याच्या शब्दाचे. शेजाऱ्याची जमीन आपल्यासारखीच, पाऊसही तोच. त्याला जमले तर आपल्याला का नाही? कार्यक्रम अधिकाऱ्याचे गणित हेच आहे. प्रशिक्षकाकडे वेगवान इंटरनेट असते आणि एकही खरा विद्यार्थी नसतो; सहकाऱ्याकडे मात्र तीच तुटकी रेंज आणि फॉर्म अर्धवट भरणारी तीच मुले.

शिकवण्याच्या क्रमातही फरक पडतो. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांच्या 1991 च्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांचे उदाहरण आहे. तिथला शिकाऊ मुलगा आधी गुंड्या लावतो, काठ दुमडतो. मग शिवण आणि सर्वांत शेवटी कापड कापणे. म्हणजे कपडा पुरा कसा दिसतो हे त्याला आधी ठाऊक होते. कार्यशाळा लॉगिनपासून निघते आणि वेळ संपला की अहवालाआधीच थांबते. सहकारी उलट्या टोकाने सुरू करतो: 'मॅडम, शेवटी हा तक्ता मागतात. यातले चार रकाने भरायचे आहेत एवढे लक्षात ठेवा, बाकीचे नंतर बघू.'

पण सोबत्याकडून चांगले तेवढेच वळते असे नाही. अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शंभर मुलांच्या आधार कार्डांचे फोटो बिनदिक्कत फिरतात, एकाच पासवर्डावर चौघे काम करतात आणि 'सगळे असेच करतात' हा नियम होऊन बसतो. सेवा योजनेत अकरावी-बारावीची मुलेही असतात. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. ही बाब गटातल्या गटात कोणाला सुचेलच असे नाही. तिथे बाहेरचा जाणकार हवाच. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेले उत्तर चार दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली जाते, आणि पुढच्या जुलैत नवा अधिकारी तोच प्रश्न पुन्हा विचारतो.

यावर परिपत्रक काढून 'अध्ययन गट' स्थापन करण्याचा मोह विद्यापीठांना होईल. तो टाळावा. आदेशाने काढलेल्या गटाचा बघता बघता सूचनाफलक होतो. वरिष्ठ त्यात असले की 'मला हे येत नाही' असे लिहायला कोणी धजत नाही. अधिकाऱ्यांचे गट अधिकाऱ्यांनाच जमवू द्यावेत. विद्यापीठाने तीनच गोष्टी कराव्यात: तालुक्याच्या ठिकाणी सत्रातून दोनदा एकत्र बसायला कर्तव्यरजा द्यावी, चांगली उत्तरे सगळ्यांना सापडतील अशा एका ठिकाणी लिहून ठेवण्याची सोय करावी, आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची काळजी कशी घ्यायची हे सांगायला एक जाणकार पाठवावा. स्वयंसेवकाचा तास न् तास मोजणाऱ्या योजनेने, रात्री दहा वाजता दुसऱ्याची अडचण सोडवणाऱ्या प्राध्यापकाचे तासही आता मोजायला हवेत.