सातवी जागा

चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला जायचे, हा आमच्या घराचा नेम आजोबांपासूनचा आहे. मधली काही वर्षे मात्र निघण्याच्या पहाटे ओटीवर एक हिशेब होत असे. गाडी पाच जणांची आणि घरात माणसे सात: आई, बाबा, आत्या, आम्ही दोघे, मुलगा आणि उशिरा झालेली धाकटी मुलगी. हा हिशेब कोणी उघडपणे मांडत नसे; मांडण्याची वेळच येत नसे. पिशव्या बांधून होण्यापूर्वीच आत्या म्हणे, "तुम्ही जा. घराला कुणीतरी हवं." तिच्या सोबतीला म्हणून बाबा थांबत, आणि आम्ही पाच जण पाच जागांवर बसून निघत असू.

यजमान गेल्यावर आत्या आमच्याकडे अंजूरला आली. तिला मूलबाळ नाही. जन्माने ती याच घरातली. तरी परत आल्यावर तिने स्वतःला कमीत कमी जागेत आवरून घेतले. जेवायला सर्वांच्या शेवटी, झोपायला दारामागे. तिचे ते वाक्य मी तीन वर्षे शब्दशः खरे मानले. गेल्या चैत्रात कार्ल्याहून परतलो, तेव्हा तिच्या पेटीवर हिरवे लुगडे ठेवलेले दिसले. त्याची घडी पेटीत वर्षभर दबलेली नव्हती, नुकतीच हाताने घातलेली होती; डांबराच्या गोळ्यांचा वास अजून उतरला नव्हता. त्या पहाटे तिने ते नेसायला काढले होते. 'गाडीत जागा नाही' असे आम्हाला म्हणावे लागू नये, म्हणून ती दुसरे काही म्हणत आली होती.

मोठी गाडी घ्यायची, हे त्या रात्री ठरले. शिक्षकाच्या पगारात नवी बसत नव्हती, म्हणून वापरलेली.

आत्याच्या बालपणी हा प्रश्न नव्हता. चैत्री अमावास्येच्या वज्रेश्वरीच्या यात्रेला गावातून बैलगाड्या रात्रीच निघत. वसई १७३९ मध्ये जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवसाप्रमाणे बांधलेले हे देवालय. त्या मोहिमेत आमच्या गावचे गंगाजी नाईक अग्रभागी होते, त्यामुळे या यात्रेबद्दल अंजूरला आपलेपणाचा एक अधिकच भाव आहे. गाडीत पेंढा अंथरलेला असे आणि त्यावर जितकी माणसे मावतील तितकी बसत. मावत नसतील, तर थोरली मुले उतरून चाकाबरोबर चालत आणि पुढच्या चढापाशी पाळी बदलत. बैलगाडीला आसने नसतात, त्यामुळे तिच्यात किती माणसांची सोय आहे, हा आकडाही नसतो.

मोटारीला तो आकडा असतो. नोंदणीच्या पुस्तकात तो छापलेला असतो आणि त्यात चालकही धरलेला असतो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, त्या काळात दोन मुलांच्या कुटुंबाचा प्रचार देशातल्या भिंतीभिंतींवर रंगवलेला होता. आईवडील, दोन मुले आणि एक छोटी गाडी असे चित्र मध्यमवर्गाच्या मनात तेव्हा एकत्रच ठसले, असे मला वाटते. त्या चित्रात आजी नव्हती, विधवा आत्या नव्हती. गावाकडची मोठी घरे लग्नाला टेम्पोतून वऱ्हाड नेत राहिली आणि एरवी फाट्यावरच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसत राहिली. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. टेल्कोची उभारणी करणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवलेले आहे, ही गोष्ट मी वर्गात मुलांना अभिमानाने सांगत आलो. पुढे २००० मध्ये क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा, २०१२ मध्ये अर्टिगा आली. आज या गाड्यांची दुसरी किंवा तिसरी फेरी आमच्यासारख्या घरांत होत असते. त्या नव्या असताना ज्यांना परवडत नव्हत्या, त्यांच्या अंगणात त्या आठ-दहा वर्षांनी येऊन उभ्या राहतात.

गाड्या पाहायला मी गावातल्या मिस्त्रींना बरोबर घेतले. महामार्गालगतच्या एका आवारात एक गाडी फार आवडली. सात जागा, रंग चकचकीत, मीटरवर किलोमीटर कमी आणि किंमत आमच्या आवाक्यातली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. ते मधल्या रांगेत बसले आणि त्यांनी सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढला. पहिला हातभर पट्टा स्वच्छ होता. शेवटच्या वीतभरात, जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही तेथे, एक सरळ मातकट रेघ होती आणि विणीच्या धाग्यांत वाळलेला गाळ होता. "मास्तर, ही गाडी पाण्यात उभी होती," एवढेच ते म्हणाले. मग आसनाखाली हात घालून त्यांनी बोटे मला दाखवली. बोटांवर गंज होता.

खाडीकाठच्या माणसाला गाळाची ओळख सांगावी लागत नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस आम्ही पाहिला आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण बुडाले, तेव्हा घरांबरोबर दारातल्या गाड्याही बुडाल्या. विम्याचा दावा मिटल्यावर अशा गाड्या धुतल्या-पुसल्या जातात आणि दूरच्या बाजारात उभ्या राहतात. पाण्याने झालेली हानी लगेच दिसत नाही. तारांचे जोड महिनोन् महिने आतून कुजत राहतात. एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारे यंत्र बहुधा तळाशी, दोन आसनांच्या मधल्या उंचवट्यात असते. म्हणजे पाणी पहिल्यांदा तेथे पोहोचते. रंगाखाली झाकलेले हे दुखणे ज्या क्षणी प्रकट होईल, तो क्षण लहान मुलीला घेऊन प्रवास करणाऱ्या अनोळखी माणसाच्या वाट्याला येणार असतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असते. त्या आवारातून परतताना मला राग आला आणि तो राग योग्य होता, असे आजही वाटते.

त्यानंतर मी गाडी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. मीटर मागे करता येतो. ब्रेकच्या पेडलवरचे झिजलेले रबर, हात फिरून गुळगुळीत झालेले स्टीअरिंग आणि चालकाच्या आसनाची खचलेली कड यांना मागे नेता येत नाही. गेलेला काळ कुठेतरी लिहिलेला राहतोच. वापरलेली वस्तू घेणे म्हणजे परक्याच्या आयुष्यातील काही वर्षे आपल्या घरात आणणे होय, आणि ती वर्षे कशी गेली हे विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे.

इनोव्हा आम्हा सर्वांना पसंत होती. आईला घेऊन गेलो. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. तिने दारावरची मूठ धरली, एक पाय वर ठेवला आणि दुसरा उचलण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटले. ती काही बोलली नाही. उलट "छान आहे" म्हणाली. पण उंची तिने मोजून दाखवली होती. त्यापुढे ज्या ज्या गाडीशी आम्ही गेलो, तेथे सर्वांत आधी आईला दारापाशी उभे केले. विक्रेते बहुधा इंजिनविषयी बोलत राहत.

कल्याणच्या एका निवृत्त गृहस्थांकडे २०१९ ची पेट्रोलवरची अर्टिगा मिळाली. तिचा तळ खाली, आईचा पाय सहज पडणारा. पुढे दोन एअरबॅग, एबीएस, मुलांचे आसन अडकवण्याच्या कड्या. सीएनजीची टाकी नव्हती हे बरे वाटले, कारण टाकी असती तर मागची सामानाची जागा गेली असती आणि सात माणसांच्या पिशव्या पुन्हा कुणाच्या तरी मांडीवर आल्या असत्या. गृहस्थांनी एक वही पुढे ठेवली. प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, टायरची अदलाबदल, बॅटरी, विम्याचे नूतनीकरण, सारे एकाच शाईत आणि एकाच वळणदार अक्षरात. कोणी पाहणार नाही असे काम पाच-सहा वर्षे न चुकता केलेले त्या वहीत दिसत होते. मी इंजिनाचा आवाज नंतर ऐकला. विश्वास आधी बसला.

मग मी मागची रांग उघडली. तिच्यावरचे कारखान्यातले प्लास्टिक अजून काढलेले नव्हते.

"मुलं येतील, नातवंडं येतील म्हणून घेतली होती," ते म्हणाले. "मुलं तिकडेच स्थिरावली. आता आम्ही दोघंच." आतून त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि आमच्या घरी किती माणसे आहेत ते विचारले. मी "सात" म्हणालो. त्यांनी तो आकडा स्वतःशीच पुन्हा उच्चारला. किमतीवर घासाघीस करण्याची तयारी मी घरून करून गेलो होतो. ती मी केली नाही. आमचे कुटुंब वाढत असल्याचे समाधान मनात होते, पण त्या घरात ते समाधान उघडे करणे मला जमले नाही. एका घराने ज्यांच्यासाठी जागा राखली ती माणसे आली नाहीत, आणि आमच्याकडे माणसे होती पण जागा नव्हती. या विषमतेत दोष कोणाचाच नव्हता. मी कित्येक दिवस तिचाच विचार करत होतो.

मी एकच विनंती केली: सर्वांना घेऊन गाडी चालवून पाहू द्यावी. एकट्या चालकाला हलकी वाटणारी गाडी सात माणसांनिशी वेगळी वागते. ब्रेक उशिरा लागतो, मागचे शॉकअप बसतात, चढावर क्लचवर ताण येतो. भरलेल्या गाडीसाठी टायरमधील हवेचे प्रमाणही वेगळे असते आणि ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. रोज गाडी चालवणारे कितीतरी लोक ती पट्टी वाचत नाहीत. आम्ही सहा जण मुंब्रा बायपासच्या चढणीवर जाऊन आलो. सातव्याच्या जागी तांदळाचे कट्टे ठेवले होते. आत्या आली नव्हती. घराला कुणीतरी हवे होते.

बसण्याच्या क्रमावर मी पुष्कळ विचार केला. मागच्या रांगेत मुलांना बसवण्याची पद्धत आहे. पण त्या आसनाच्या पाठीमागे मागच्या दाराचा पत्रा फार जवळ असतो, आणि माणकोली नाक्यावर आपल्या मागे गोदामांकडे जाणारा कंटेनर उभा असतो. धाकटीसाठी मुलांचे वेगळे आसन मधल्या रांगेत घेतले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा अशा आसनाने सुरक्षित बसवणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच बंधनकारक आहे. आमच्याकडे मूल मांडीवर घेणे हे मायेचे लक्षण मानतात. मीही मानत आलो. परंतु वेगातली गाडी अकस्मात थांबते तेव्हा कोणत्याही आईच्या हातांना ते मूल धरून ठेवता येत नाही. पत्नी आणि मुलगा मागच्या रांगेत बसतील, असे ठरले.

कागदपत्रांबाबत ते गृहस्थ माझ्यापेक्षा दक्ष होते. "माझ्या नावावर उगाच ठेवू नका," ते म्हणाले, आणि फॉर्म २९ व ३० वर त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आधीच जोडलेला होता. त्यांची काळजी रास्त होती. गाडी विकली गेली असली, तरी अपघाताच्या वेळी नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. चावी दिल्याने कर्तव्य संपत नाही. विमाही चौदा दिवसांच्या आत नव्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. कित्येक घरांत ही कामे 'सवडीने करू' म्हणून राहतात, आणि मग जुना मालक नोटिसा घेऊन फिरत राहतो. मी दोन्ही अर्ज त्याच आठवड्यात दिले.

यंदाच्या चैत्रात पहाटे चारला गाडी ओटीसमोर आणली. नाईकांच्या वाड्यातल्या सिद्धिविनायकापुढे आदल्या संध्याकाळी नारळ फोडला होता. आत्या हिरवे लुगडे नेसून बाहेर आली आणि सरळ मागच्या रांगेच्या दिशेने गेली. "मी मागे बसते. मला सवय आहे."

बाबा पुढच्या दारापाशी उभे होते. गेली दहा वर्षे पुढची जागा त्यांची. त्यांनी दार उघडे धरले. "बाय, पुढं बस," ते म्हणाले, आणि स्वतः आईच्या शेजारी मधल्या रांगेत जाऊन बसले.

सीटबेल्ट कसा लावायचा हे तिला ठाऊक नव्हते. मी पट्टा तिच्या खांद्यावरून घेतला आणि अडकवला. खण-नारळाची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. समोर एअरबॅग आहे, पिशवी खाली ठेव, असे मी दोनदा सांगितले. तिने मान हलवली आणि पिशवी तशीच धरली. पाय आखडून, आसनाच्या कडेवर ती बसली होती, शेजारी आणखी कुणाला बसायचे असावे तशी. शीळफाटा गेला, पनवेल गेले. खोपोलीला घाट सुरू झाला आणि दरीच्या बाजूला उजाडू लागले, तेव्हा ती काचेबाहेर पाहू लागली. शिंग्रोबाच्या देवळापाशी मी वेग कमी केला. तिने हात जोडले, आणि जोडण्यासाठी पिशवी पायाशी ठेवली. नंतर ती तिने उचलली नाही.