इरकली लुगडं

कोल्हापुरात मार्च लागला की चटणीचे दिवस सुरू होतात. बाहेरगावचे ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, ती इथली चटणी. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी आणि वर भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने. सगळं डब्यांत भरून बायका चटणी कुटायच्या डंकावर येतात, नाकाला पदर लावून ओळीनं बसतात आणि शिंकत-खोकत अख्ख्या गल्लीची खबर एकमेकींना पोचवतात. तात्यांचा डंक अशाच एका पेठेत. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी ते स्वतःही चटणी कुटून पाकिटं विकत. धंदा घरखर्च भागण्याइतका.

तात्यांचा मुलगा सागर पुण्यात एका जाहिरात कंपनीत. त्यानं वडिलांसाठी एक छोटी फिल्म केली. तिच्यात कॅमेरा नव्हता, नट नव्हते, होता एक लॅपटॉप. काय दिसायला हवं ते लिहायचं आणि एआयनं ते दाखवायचं. पडद्यावर आली नऊवारीतली एक आजी. सुरकुत्या जिथं असाव्यात तिथंच, हातात हिरव्या बांगड्या, पुढ्यात उखळ, मागून कोवळं ऊन. कुटता कुटता ती मान वर करून म्हणते, ‘तिखट लागलं तर लागू दे, उपाशी जाऊ नगंस.’

डंकावरच्या बायकांनी ती फिल्म सागरच्या मोबाइलवर पाहिली.

‘हिला ठसका कसा लागंना?’ एकीनं विचारलं.

‘मिरची लाकडाची असंल,’ दुसरी म्हणाली, आणि डंकाच्या आवाजावर हशा चढला.

पण मुंबई-पुण्यात कुणी हसलं नाही. लोक रडले. ‘आमची आई गेली त्याला दहा वर्षं झाली, आज ती दिसली,’ असे निरोप येऊ लागले. पाकिटं कमी पडू लागली. तात्यांनी एक माणूस वाढवला आणि सागरनं पगारवाढ मागावी तसा चेहरा केला.

मग एका सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुलुंडचे एक गृहस्थ उतरले. साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त. हातात पिशवी, पिशवीत हिरवं इरकली लुगडं. ‘त्या आजींना भेटायचंय. आईला शेवटचं लुगडं घ्यायचं राहून गेलं माझं. यांना दिलं तर बरं वाटेल.’

तात्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सुट्टीवर आलेल्या सागरला मागच्या खोलीत ओढलं.

‘आता काय सांगायचं?’

सागरकडं उत्तर तयार होतं. आजकालच्या पोरांकडं ते असतंच. ‘डंकावर एवढ्या बायका आहेत. एखादीला उभी करू. लुगडं घेईल, आशीर्वाद देईल, माणूस खूश होऊन जाईल.’

‘आणि तोंड?’

‘वयानं बदललं म्हणू.’

तात्या नुसते बघत राहिले, तसा सागर जरा वरमला. पण मागं हटला नाही. त्यानं कोका-कोलाचा दाखला काढला. २०२४ च्या नाताळाला त्या कंपनीनं आपली १९९५ ची ट्रकांची गाजलेली जाहिरात एआयकडून नव्यानं करून घेतली. चित्रकार, सिनेमावाले, जुने चाहते सगळ्यांनी तिला ‘आत्मा नसलेली’ म्हणून झोडपलं. पण सिस्टम१ नावाची कंपनी प्रेक्षकांना जाहिराती दाखवून त्यांच्या भावना मोजते. तिच्या चाचणीत त्याच जाहिरातीला वरच्यातली वरची श्रेणी मिळाली. ‘म्हणजे बोंब मारणारे वेगळे आणि बघणारे वेगळे,’ सागर म्हणाला. ‘कंपनीनं पुढच्या वर्षी परत तेच केलं.’ नेदरलँड्समध्ये मॅकडोनाल्ड्सला २०२५ च्या डिसेंबरात अशीच एक जाहिरात लोकांच्या रागापायी मागं घ्यावी लागली, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. जाहिरातवाला तेवढा हिशेबी असणारच.

मग त्यानं भिंतीवरच्या लक्ष्मीकडं बोट केलं. ‘ही काय हातानं काढलीय? राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून देव यंत्रातूनच निघतायत. तुम्ही रोज हिला उदबत्ती लावता.’

हा मुद्दा खरोखरच बिनतोड होता. त्या काळीही छापील देवांना नाकं मुरडणारे होते, आणि तरी ते घरोघरी पुजले गेले. यंत्रातून आलं म्हणून माणसाचा गळा दाटत नाही, हे खोटंच आहे.

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. ‘हिला उदबत्ती लावताना मला ठावं असतंय की ह्यो कागद हाय. बाहेर बसलेल्याला ठावं न्हाई. त्यानं दाम आधी मोजलाय आणि आपल्या गोदामात मालच न्हाई.’

ते बाहेर आले आणि त्यांनी सांगून टाकलं. अशी बाई नाही. कधीच नव्हती. पोरानं संगणकावर केली.

गृहस्थ चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि चहाच्या कपाकडं बघत राहिले. ‘मी बायकोसमोर रडलो हो,’ ते एवढंच म्हणाले. त्या आवाजात दुःखापेक्षा लाज जास्त होती, आणि ती लाज त्यांची नव्हतीच.

तात्यांच्या बायकोला, काकूंना, राहवलं नाही. ‘आलाच हायसा तर अंबाबाईला वाहा की लुगडं.’

‘देवीला द्यायचं असतं तर मी वेगळं आणलं असतं,’ गृहस्थ म्हणाले. ‘हे माणसासाठी आणलंय.’

निघता निघता ते सागरकडं वळले. ‘ते उपाशी जाऊ नगंस, तेही त्या मशीननंच लिहिलं का?’

‘नाही,’ सागर म्हणाला. ‘ते आमची आज्जी म्हणायची. तात्यांची आई. हा डंक तिनंच सुरू केला.’

‘मग तिलाच का नाही दाखवलंत?’

सागरनं मोबाइलमध्ये शोधून एक फोटो काढला. डंकाशेजारी उभी एक बुटकी बाई, कपाळावर आठ्या, नाकावर पदर, अर्धा चेहरा झाकलेला, फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली. तिचा हसरा फोटो घरात नव्हताच. ‘हा लावला असता तर कुणी दोन सेकंदसुद्धा थांबलं नसतं,’ तो म्हणाला.

गृहस्थांनी चष्मा सावरून फोटो बराच वेळ पाहिला. ‘ही माझ्या आईसारखी दिसत नाही.’

‘नाही दिसत,’ सागर म्हणाला.

त्यांनी फोन परत दिला, लुगड्याची पिशवी उचलली, अर्धा किलो चटणी रोखीनं घेतली आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ रंकाळ्यावर काढतो म्हणून निघून गेले.

संध्याकाळी बाप-लेक फिल्म पुन्हा बघायला बसले. ती बंद करायची का, यावर वाद झाला. सागरनं वाढलेल्या विक्रीचे आकडे मांडले, तात्यांनी ते खोडले नाहीत. शेवटी ठरलं, की फिल्म राहील, पण ही आजी संगणकावर तयार केलेली आहे असं तिच्यावर लिहायचं. सागरनं तिथंच बसून ओळ घातली. खाली कोपऱ्यात, फिकट राखाडी रंगात, आजीच्या पदराच्या काठाला लागून.

तात्यांनी मोबाइल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला, मग उशाचा चष्मा मागवून डोळ्यांवर चढवला.

‘कुठं लिहिलंयस?’

सागरनं बोट ठेवलं.

‘मोठं कर. मला चष्म्याबिगर वाचता आलं पायजे.’