कमलपत्राची अलिप्तता

देवपूजेत कमळाचे स्थान श्रेष्ठ मानले जाते. लक्ष्मी कमलासना आहे, श्रीविष्णूच्या हाती पद्म आहे आणि मंदिरांच्या छतांवरही हेच फूल कोरलेले आढळते. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात आसक्ती सोडून कर्म करणाऱ्यास पाण्यातील कमलपत्राची उपमा दिली आहे. या उपमेतून एक प्रश्न उभा राहतो. अलिप्त राहणे म्हणजे ज्याच्या आधारे आपण उभे आहोत, त्याच्याशी नाते तोडणे काय?

उत्तर कमळाच्याच जीवनात आहे. पानावरील अतिसूक्ष्म उंचवटे व मेणाचा थर यांमुळे पाण्याचा थेंब तेथे ठरत नाही. घरंगळताना तो धूळही सोबत नेतो. पान असे निर्मळ, तर कंद तळाच्या चिखलात रुतलेला. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पानात शिरलेली हवा देठातील पोकळ नलिकांतून खाली उतरते व कंदाला पोचते. चिखलाचा स्पर्श न होऊ देणारे पानच चिखलातील कंदाचा श्वास चालविते.

याच ओल्या भूमीने मानवाला किती दिले आहे! कमळाचा कंद व बिया आहारात येतात. आयुर्वेदाने कमळ शीतल मानले असून त्याचे केसर रक्तपित्तावर सांगितले आहे. पाण्यावर पाने पसरणारे कुमुद तळ्यांची शोभा वाढविते. दलदलीत वाढणारे वेखंड परंपरेने बाळगुटीत उगाळले जाते, तर ओलसर जागी पसरणारी ब्राह्मी बुद्धिवर्धक मानली जाते. (औषधी उपयोग वैद्यांच्या सल्ल्यानेच करावा.)

मात्र चिखल आणि घाण यांत भेद आहे. चिखल जीवन देतो. कुजणारे निर्माल्य पाण्यातील प्राणवायू संपविते. ज्या तळ्यातून फूल आणले, त्यातच प्लास्टिकच्या पिशवीतून निर्माल्य सोडले, तर ती पूजा पूर्ण कशी म्हणावी? भाविकाने निर्माल्य कलशातच ठेवावे, हा नियम म्हणून धर्माचाच भाग ठरतो.

दात्यालाही कमलपत्र हेच शिकविते. दिलेल्या दानाचा अभिमान थेंबासारखा ओघळून जावा. परंतु ज्यांच्यासाठी दान दिले, त्यांची चिंता मात्र देठातील हवेप्रमाणे मुळापर्यंत पोचत राहावी.