पारंपरिक पोशाख म्हणजे कुणाचा?

‘पारंपरिक पोशाख’ हे शब्द मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकले. ट्रॅडिशनल डे होता. मुली नऊवारी भाड्याने आणत होत्या, मुलं फेटा बांधून देणाऱ्याला शोधत होती. आमच्या गावात हे शब्दच नव्हते. तिथे लुगडं होतं, धोतर होतं, परकर-पोलकं होतं. आजीला कोणी म्हटलं असतं, ‘पारंपरिक पोशाखात छान दिसता हो’, तर तिने आधी मागे वळून बघितलं असतं, हा कुणाशी बोलतोय म्हणून.

आता मात्र मलाही त्या सगळ्याची ओढ लागते. पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेल्या नऊवारीतल्या मुली दिसल्या की बरं वाटतं. जुन्या देवळाच्या पायरीवर काढलेले फोटो मीही लाइक करते. पण दर वेळी एक प्रश्न सोबत येतो: मला नेमकं काय आठवतंय? आणि जे आठवतंय, ते त्या देवळासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तसंच आठवत असेल का?

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. चैत्रात भैरवनाथाची यात्रा. मी लहान होते तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, देऊळ दगडी होतं. पुढे लाकडी खांबांचा सभामंडप, अंगणात दीपमाळ, तिच्यापलीकडे पिंपळाचा पार. यात्रेच्या सकाळी आजी पत्र्याची ट्रंक उघडायची. कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा वास यायचा आणि त्याच्याखालून तिचं एकुलतं एक इरकल निघायचं. गडद हिरवं अंग, लाल रेशमी पदर, पदरावर पांढरी नक्षी. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचं लुगडं. त्यात अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो; विणकर ते दोन्ही फासाफासाने एकमेकांत अडकवतात. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. ते थोरल्या आत्याच्या लग्नात आहेर म्हणून आलंय आणि वर्षातून दोनदाच नेसायचंय, एवढं तिला पुरेसं होतं.

तिचं नेसणं बघत बसावं असं होतं. आरसा नाही, पिन नाही. नऊ वार कापड आणि पाचेक मिनिटं. काष्टा मागे खोवला की दोन्ही हात मोकळे. असंच नेसून ती भांगलायला जायची, विहिरीच्या पायऱ्या उतरायची, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन यायची. आज मिळणारी शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी चढवता येते. मी तिला नावं ठेवत नाही. ज्या बाईला नऊची लोकल पकडायचीय तिने काय करावं? फक्त आजीचं नेसणं कामासाठी होतं आणि आपलं दिसण्यासाठी आहे, इतकं लक्षात असू द्यावं.

पालखीचा मान आमच्या घराकडे होता. आरती झाली की सभामंडपात आजोबांना मानाचा फेटा बांधला जायचा, हातात नारळ दिला जायचा. ‘चांगभलं’चा गजर व्हायचा, गुलाल आणि खोबरं उधळलं जायचं. एरवी कमरेत वाकलेले आजोबा त्या पाच मिनिटांत सरळ उभे असायचे. मी खांबाला टेकून बघायचे आणि मला वाटायचं, जगात सगळं कसं आपापल्या जागी आहे.

‘आपापल्या जागी’ हेच आता टोचतं. जागा खरोखरच ठरलेल्या होत्या आणि कपड्यांवरून त्या ओळखू यायच्या. गाभाऱ्यात फक्त गुरव, तोही सोवळं नेसून. उंबऱ्याशी फेटेवाले मानकरी. सभामंडपाच्या कडेला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. पालखीचा मान घरात असला तरी आजी उंबऱ्यापर्यंत कधी गेली नाही. आणि दीपमाळेपलीकडे, पाराजवळ, खालच्या वस्तीतल्या बायका निवदाचं ताट घेऊन उभ्या. कायद्याने त्यांना अडवता येत नव्हतं आणि कोणी अडवतही नव्हतं. त्या तिथे थांबायच्या आणि आमच्यातलं कोणी ‘आत या’ म्हणायचं नाही. एक पोरगा जाऊन त्यांच्या ताटातले नारळ आणायचा, फोडून अर्धे परत द्यायचा. त्यांच्यातल्या एका म्हातारीच्या अंगावर आजीसारखंच इरकल असायचं. तोच लाल पदर, तीच पांढरी नक्षी. बहुतेक एकाच आठवडी बाजारातलं. दोन लुगड्यांमध्ये सगळं मिळून चाळीस पावलं.

सोवळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पूजासाहित्याच्या दुकानात पाकिटातच बघितलं असेल. जुन्या रीतीत सोवळ्याला रेशीम चालायचं, लोकर चालायची. सुती धोतरही चालायचं, पण ते धुऊन, काठीने उंच दांडीवर वाळत टाकून, कोणाचा हात न लागता उतरवलेलं हवं. म्हणजे त्याचं पावित्र्य कापडात नव्हतं. त्याला कोणी शिवलेलं नाही, यात होतं. विणताना त्याला किती हात लागले आणि ते कोणाचे होते, हा हिशोब मात्र कोणी मांडत नसे. मांडला असता तर गाभाऱ्यात देवाशिवाय कोणी उरलं नसतं.

देवळाच्या दाराचा इतिहास आपण थोडाफार शिकलोय. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि काही वर्षं चालूनही दार उघडलं नाही. पंढरपूरचं दार उघडायला मे १९४७ उजाडला, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. कपड्यांचा इतिहास मात्र सहसा सुटतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब वेगळं बोलले होते. तुमची लुगडं नेसण्याची पद्धत ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती बदला, अंगावरचे ते जड दागिने काढून टाका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आज एखाद्या फोटोग्राफरला ते वरपर्यंत खोचलेलं लुगडं आणि ते दागिने ‘अस्सल पारंपरिक’ वाटतील. ज्यांच्या अंगावर ते होतं, त्यांच्यासाठी ते टाकून देणं ही सुरुवात होती. आणि १४ एप्रिलला पांढऱ्या साड्या नेसून निघणाऱ्या बायका बघा. तीही परंपराच. फक्त ती त्यांची त्यांनी निवडलेली.

त्या इरकलवाल्या म्हातारीची नात माझ्याच वर्गात होती. आता पुण्यात नर्स आहे. हे सगळं मी तिला एकदा फोनवर सांगत होते, जरा जास्तच गंभीर होऊन. ती मध्येच म्हणाली, “ए, पण आमची आजी त्या इरकलात मस्त दिसायची हां. लुगडं आमचंपण होतं. उभं राहायची जागा तेवढी तुमच्या लोकांनी ठरवलेली.”

तेव्हापासून मला दोन्ही सोपी उत्तरं नकोशी झाली आहेत. पूर्वी सगळं सुंदर होतं, हे एक. पूर्वी सगळा अन्यायच होता, म्हणून त्याची आठवण काढून हळवं होणंही वाईट, हे दुसरं. दुसरं उत्तर दिसायला शहाणं आहे, पण ते त्या म्हातारीकडून तिचं इरकलही काढून घेतं. आजीचा आनंद खोटा नव्हता. आजोबांचा ताठ कणा खोटा नव्हता, जरी त्यातला काही भाग पाराजवळ कोणीतरी उभं आहे यावर तोललेला होता. मला वाटतं, यातलं जे आवडतं ते अंगावर घ्यावं, नेसावं, मिरवावं. अडचण सुरू होते ती माझं आवडणं दुसऱ्याच्या प्रवेशाची अट होतं तेव्हा.

हे मी हवेत बोलत नाहीये. आमच्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. लाकडी खांब जाऊन सिमेंटचे आले, दीपमाळेला ऑइलपेंट फासलाय (त्यावर वेगळा लेख होईल). मध्यंतरी धाकट्या चुलतभावाचा मेसेज आला. “ताई, तू लिहितीस ना. देवळाबाहेर बोर्ड लावायचाय, मजकूर दे. ‘पारंपरिक पोशाखातच प्रवेश’ असं. सगळीकडं लावत्यात.”

लावतात खरे. मे २०२३ मध्ये तुळजापूरला असा फलक लागला आणि टीका झाल्यावर मागे घेतला गेला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरानेही भाविकांसाठी पोशाखाचे नियम जाहीर केले. मी भावाला विचारलं, “पारंपरिक म्हणजे काय काय लिहू?”

“साडी, पंजाबी ड्रेस. पोरांना फुल पँट.”

पंजाबी ड्रेस! माझी धाकटी आत्या कऱ्हाडच्या कॉलेजातून पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून आली, तेव्हा याच देवळात जायच्या आधी तिला घरी परत पाठवून साडी नेसायला लावली होती. आईची गोल पाचवारीसुद्धा आजीच्या पिढीला पूजेला चालायची नाही, काष्टा हवा असायचा. आणि फुल पँटला पारंपरिक म्हटलेलं ऐकून आजोबांनी फेटा काढून डोकं खाजवलं असतं. बोर्डावरची परंपरा जेमतेम तीस वर्षांची. तिच्याहून जुनं एकच, दारात उभं राहून आत कोणी यायचं ते ठरवणारा माणूस.

भाऊ काही वाईट नाही. पोरं बर्म्युडावर येतात, गाभाऱ्यात शिरून रील बनवतात, यात्रेत काही जण पिऊन येतात. निस्तरायचं त्यालाच लागतं. पण हा त्रास वागण्याचा आहे आणि फुल पँट घालूनही माणूस पिऊन येऊ शकतो. मग मी मजकूर पाठवला: ‘सर्वांनी आत यावं. चपला बाहेर काढाव्यात. पाय धुवायचा नळ डाव्या हाताला आहे. आत मोबाइल बंद ठेवावा.’

त्याचं उत्तर आलं, “बाकी ठीकाय. पण ‘सर्वांनी आत यावं’ कशाला? येत्यातच की सगळे.”

“मग लिहायला काय हरकत?” मी विचारलं.

दोन निळ्या टिका आल्या. त्याला आता तीन आठवडे झाले. पेंटर दोनदा येऊन गेला म्हणे, पत्रा अजून कोराच आहे.