इल्मची जकात

जकात हा देणाऱ्याचा उपकार नसतो, तो घेणाऱ्याचा हक्क असतो, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. मग ज्ञानाचे काय? ज्याला विज्ञानातली एखादी गोष्ट कळली, त्याने ती सोपी करून सांगणे हा उपकार की देणे?

अल्-बिरूनीने याचे उत्तर कृतीने दिले. इ. स. १०२९च्या सुमारास त्याने ‘किताब अल्-तफहीम’ हा ग्रंथ रैहाना नावाच्या एका स्त्रीसाठी लिहिला. तफहीम म्हणजे समजावून देणे. ग्रंथ ज्योतिषाच्या प्राथमिक ज्ञानाचा. पण सुरुवात भूमितीपासून, मग अंकगणित, मग आकाश. आणि सारे प्रश्नोत्तरांत. पृथ्वीची त्रिज्या मोजण्याची रीत शोधणाऱ्या या विद्वानाला पहिला, साधा प्रश्न कमीपणाचा वाटला नाही.

आमच्या घरांत मात्र ‘चांद आज का दिसला नाही?’ असे मुलीने विचारले की ‘गप्प बस, मोठे ठरवतील’ हेच उत्तर बहुधा मिळते. ईद कधी, हे उलेमांनी ठरवावे. पण कोर का दिसते, हे कोणालाही कळू शकते. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा. हातात चेंडू धरून त्याच्याकडे पाहा. चेंडू दिव्याच्या बाजूला असताना त्याची काळोखी बाजू आपल्याकडे येते; ही अमावस्या. चेंडू तसाच धरून जरा वळा, कडेला उजेडाची बारीक रेघ उमटेल. तोच ईदचा चांद! हा फेरा सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून महिना कधी २९ तर कधी ३० दिवसांचा. अशा बारा महिन्यांचे दिवस साधारण ३५४. सौर वर्षाहून अकरा कमी. म्हणूनच रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

विज्ञान रंजक केले की ते उथळ होते, अशी तक्रार ऐकू येते. नुसत्या चमत्काराने डोळे दिपवले तर ती खरीही आहे. पण चेंडू हातात घेतलेली मुलगी लगेच पुढचा प्रश्न विचारते : मग दर अमावस्येला ग्रहण का होत नाही? हा प्रश्न तिचा स्वतःचा असतो, आणि खरा आनंद त्यातच आहे. चांद पाहण्याची तिची ओढ याने कमी होत नाही, वाढते.

आज आपल्या मोहल्ल्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. रमजानपूर्वीची एक संध्याकाळ, एक दिवा, एक चेंडू आणि आपली रोजची बोली, एवढ्यावर हे देणे फेडायला सुरुवात करता येईल.